बागेतली रेल्वे, पावसाळ्याआधी
मुंबईत बागेत छोटी रेल्वे टाकायचीय तर आधी पाणी कुठून निघणार ते बघा, रूळ नंतर. जी स्केलचा (बागेतल्या मॉडेल रेल्वेचं माप) ४५ मिमी गेजचा, म्हणजे दोन रुळांत ४५ मिमी अंतर असलेला, पितळी ट्रॅक घ्या, लोखंड आपल्या खाऱ्या हवेत गंजतं. चार बोटं माती काढून खडी भरा, चांगली चोपा, वर बारीक कच, मग रूळ. माझा पहिला ट्रॅक नुसत्या मातीवर होता, जुलैत एका रात्रीत एक बाजू खचली आणि सकाळी वळणावर डबे आडवे, फार वाईट वाटलं. चढ २ टक्क्यांच्या आत ठेवा, वळणं मोठी घ्या. पितळ काळं पडलं की रुळांतून इंजिनाला करंट नीट जात नाही, इंजिन अडखळतं, मग भांड्यांच्या हिरव्या स्क्रबरने हलक्या हाताने घासा आणि जॉइंट आवळून घ्या. माथेरानची गाडी १९०७ पासून २ फुटी गेजवर चढतेय, तिची वळणं एकदा जाऊन नीट बघाच.