सुई टोचली? आधी नळाखाली हात धरा

सोलापुरात सिव्हिलला किंवा खासगी दवाखान्यात इंटर्नशिप, नर्सिंग किंवा लॅबचं प्रशिक्षण करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. वापरलेली सुई टोचली की बोट दाबून रक्त काढू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट ओतू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, बस्स.

मग लगेच वरिष्ठांना सांगा. ओरडा बसेल म्हणून गप्प राहणं, हेच सगळ्यात घातक. रुग्णाला एचआयव्ही असला तरी तो तुम्हाला होण्याचा धोका साधारण ०.३ टक्के, म्हणजे कमीच. पण प्रतिबंधक गोळ्या शक्यतो २ तासांत सुरू व्हायला हव्यात. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही. कोर्स २८ दिवसांचा, मध्येच सोडायचा नाही. रात्रपाळी असली तरी सकाळची वाट बघत बसू नका. कॅज्युअल्टीत जा, तुमचं आणि रुग्णाचंही रक्त तपासायला सांगा. रजिस्टरमध्ये नोंद झाली का, तेही बघा.

खरी भीती हिपॅटायटिस बीची. रुग्णाला ती असेल आणि तुम्ही लस घेतलेली नसेल तर संसर्गाची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. तीन डोस (०, १ आणि ६ महिने) वॉर्डात पाऊल टाकण्याआधीच सुरू करा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (लसीमुळे रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडींचं प्रमाण) तपासा. १० mIU/mL किंवा जास्त हवा.

आणि वापरलेल्या सुईला टोपण परत लावायची सवय मोडाच. इंजेक्शन द्यायला जाताना पांढरा, सुईने न भोसकला जाणारा डबा ट्रॉलीवर हाताशी ठेवा. तो पाऊण भरला की बदला. गच्च भरलेल्या डब्यात सुई कोंबतानाच बोटाला टोचते.