डाउनलोड केलेला शॉर्टकट उघडण्याआधी

झिपमधून काढलेल्या फाइलला पीडीएफचं चित्र आहे, पण कोपऱ्यात छोटा बाण दिसतोय? तो विंडोजचा शॉर्टकट आहे. एक्स्टेन्शन दाखवायची सेटिंग चालू असली तरी त्याचं ‘डॉट एलएनके’ दिसत नाही, म्हणून नावावर जाऊ नका. डबल क्लिक अजिबात नको. राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘टार्गेट’चा रकाना वाचा. पॉवरशेल, सीएमडी किंवा एमएसएचटीए (कमांड किंवा स्क्रिप्ट चालवणारे विंडोजचेच प्रोग्राम) दिसलं की फाइल सरळ डिलीट करा. कर्सर रकान्याच्या शेवटापर्यंत न्या. कधीकधी मधे भरपूर मोकळी जागा सोडून खरी कमांड पुढे लपवलेली असते, आणि फारच लांब असेल तर अपडेट न केलेल्या विंडोजमध्ये ती तिथे पूर्ण दिसतही नाही. शॉर्टकटमध्ये मुळात कागदपत्र नसतंच, दुसऱ्या फाइलचा किंवा प्रोग्रामचा पत्ता आणि कधी सोबत कमांड असते. त्यामुळे मी तरी पाठवणाऱ्याकडे मूळ फाइलच मागते.