पाठीतलं पाणी तपासताना या चुका टाळा

निरोगी कुत्र्याच्या किंवा मांजराच्या सीएसएफमध्ये (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी, म्हणजेच 'पाठीतलं पाणी') एका मायक्रोलिटरला पाचहून कमी पांढऱ्या पेशी असतात. निदान एवढ्याशा पेशींवर उभं करायचं, आणि त्यातल्या बऱ्याच आपल्याच हातून मरतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नळी फ्रीजमध्ये ठेवून 'उद्या पाठवू' म्हणणं. या पाण्यात प्रथिनं फार कमी असल्यामुळे पेशींना आधारच नसतो, त्या पटापट फुटतात. अर्ध्या-पाऊण तासात मोजणी आणि स्लाइड झालीच पाहिजे. जमणारच नसेल तर नमुना दोन नळ्यांत वाटा आणि एकीत त्याच जनावराचं थोडं सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं प्रथिनयुक्त पाणी) घाला, साधारण दहा टक्के. त्या नळीवर ठळक लिहा: 'सीरम घातलंय.' माझ्याकडे एकदा अशी बिनचिठ्ठीची नळी आली. प्रथिनं भरमसाट निघाली आणि मी अर्धा दिवस नसलेल्या आजारामागे धावलो. प्रथिनांसाठी बिनसीरमचीच नळी वापरायची.

रक्ताच्या मशीनवर हा नमुना लावू नका, इतक्या कमी पेशी त्याला नीट मोजता येत नाहीत. न्यूबॉअर चेंबरमध्ये (पेशी मोजायची चौकोन आखलेली काच), पातळ न करता, नऊही मोठे चौकोन मोजा. त्या नऊ चौकोनांतला नमुना 0.9 मायक्रोलिटर होतो, म्हणून आकड्याला 1.1 ने गुणा.

'आकडा नॉर्मल आला, स्लाइड कशाला?' हे मी वारंवार ऐकतो. मोजणी नॉर्मल असूनही एखादी ट्यूमरची पेशी किंवा क्रिप्टोकोकस ही बुरशी स्लाइडवर दिसू शकते. मात्र थेंब नुसता पसरून काही हाती लागत नाही, सायटोस्पिन हवं, म्हणजे वेगाने फिरवून पेशी काचेवर एकवटणारं यंत्र.

नमुना गुलाबी दिसला, म्हणजे त्यात रक्त मिसळलं, की '500 लाल पेशींमागे एक पांढरी वजा' हा हिशोब बरेच जण लावतात. माझा त्यावर भरवसा नाही. त्यापेक्षा नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं पाणी बघा: स्वच्छ असेल तर रक्त बहुधा सुईचं, पिवळसर असेल तर आधीच्या रक्तस्रावाचा संशय घ्या. लाल पेशी गिळलेले मॅक्रोफेज (गिळून साफसफाई करणाऱ्या पेशी) दिसले तर त्याला जुना रक्तस्राव म्हणण्याआधी नळी किती जुनी आहे ते विचारा, कारण हे गिळणं नळीतही होतं.

स्टेरॉइड आधी देऊन मग पाणी काढलं तर पेशी कमी दिसतात. ताप, मान आखडलेली, वय कोवळं, अशा कुत्र्यात न्यूट्रोफिल्सचा (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) सडा अपेक्षित असतो; स्टेरॉइडचं इंजेक्शन झालेलं असेल तर तो सापडेलच असं नाही. म्हणून फॉर्मवर औषधं लिहा, तारखांसकट. कवटीतला दाब वाढल्याची शंका असेल तर मात्र सुई आधी नको, एमआरआय आधी.