कॅपिडचं पर्सनल स्टेटमेंट: आधी मराठीत बोला

बीडीएस करून अमेरिकेत आलेल्या मुलींना इथल्या डेंटल कॉलेजात शिरायचं तर कॅपिड या सामाईक अर्जातून जावं लागतं, आणि त्यात स्वतःबद्दल एक निबंध लिहायचा असतो, तो म्हणजे पर्सनल स्टेटमेंट. त्यासाठी मला अधूनमधून मेसेज येतात. ताई, तुमचं स्टेटमेंट पाठवता का, नुसतं नजरेखालून घालते. मी पाठवत नाही. माझं पहिलं स्टेटमेंट अशी चार लोकांची नजरेखालून घालूनच लिहिलं होतं, आणि त्या वर्षी एकाही कॉलेजचं मुलाखतीचं बोलावणं आलं नाही.

पहिलं वाक्य होतं, लहानपणापासून मला लोकांच्या चेहऱ्यावर हसू फुलवायचं होतं. साफ खोटं. एमबीबीएसला मार्क कमी पडले म्हणून मी डेंटलला गेले. दातांची गोडी लागली ती इंटर्नशिपमध्ये.

शोधल्यावर जे नमुने सापडतात ते बहुतेक इथल्या कॉलेजच्या मुलांचे असतात. ती मुलं ॲडसास या त्यांच्या वेगळ्या सामाईक अर्जातून जातात, त्यांना ४,५०० अक्षरं मिळतात आणि त्यांना सांगायचं असतं, मला डेंटिस्ट का व्हायचंय. आपण कॅपिडमधून जातो, आपल्याला ५,००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. आणि आपण डेंटिस्ट आहोतच. चार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप झालेली बाई पुन्हा दोन-तीन वर्षं शिकायला का बसते, हे आपल्याला सांगायचं असतं. तेव्हा ते नमुने बाजूला ठेवा.

दुसऱ्या वर्षी मी वही घेतलीच नाही. फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि इचलकरंजीच्या क्लिनिकमधले पेशंट आईला सांगत बसले, मराठीत. इंग्रजीत लिहायला बसलं की हात आपोआप ‘पॅशनेट’ लिहितो. आईला पॅशनेट सांगून भागत नाही, ती विचारते, मग पुढं काय झालं? त्या ‘पुढं काय झालं’ची उत्तरं म्हणजेच तुमचं स्टेटमेंट.

वीस मिनिटांत सात पेशंट निघाले. ठेवला एकच. यंत्रमागावर काम करणारा माणूस, तंबाखू-सुपारीचा मावा खाणारा, दाढ काढायला आलेला. तोंड दोन बोटंसुद्धा उघडेना, फोर्सेप आत जाईना. सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाचं आतलं अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासं होतं तो आजार. तोंड उघडायच्या व्यायामासाठी मी त्याला आइस्क्रीमच्या काड्या दिल्या. एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि जमेल तशी एक वाढवायची. सुरुवातीला अकरा मावायच्या, चार महिन्यांनी तेरा. मावा मात्र पूर्ण सुटला नाही, आणि तेही मी लिहिलं. पहिल्या मसुद्यात तो सुटला होता, कारण गोष्ट तशी छान दिसत होती! पण मुलाखतीत हेच खोदून विचारतात. मला एकीनं विचारलं, आता किती काड्या मावतात? मी आदल्या आठवड्यात फोन केला होता, म्हणून सांगता आलं.

पेशंटचं नाव, गाव लिहू नका. ‘कापड गिरणीतला कामगार’ एवढं पुरतं. आणि मावा, मिश्री हे शब्द जरूर ठेवा, फक्त जागच्या जागी अर्ध्या वाक्यात सांगा की मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, जी बायका दातांना लावतात. माझा मसुदा वाचणारी शेजारीण तिथं अडली, म्हणून मला कळलं.

आता अवघड भाग, ‘पुन्हा का’. अमेरिकेतलं तंत्रज्ञान प्रगत आहे, असं सगळेच लिहितात. ते वाचणारे इथंच राहतात, त्यांना ते ठाऊक आहे. मी नवऱ्याच्या नोकरीमुळं न्यू जर्सीला आले, हे एका वाक्यात सरळ लिहिलं. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या माझ्या व्हिसावर, पगारी काम करता येत नव्हतं, म्हणून एका क्लिनिकमध्ये शॅडोइंग केलं, म्हणजे डॉक्टरांचं काम नुसतं शेजारी उभं राहून पाहिलं. तिथं मला मशिनपेक्षा वेगळीच गोष्ट दिसली. डॉक्टर तीन पर्याय मांडतात, प्रत्येकाचा खर्च आणि धोका सांगतात आणि गप्प बसतात. निवड पेशंटची. इचलकरंजीत लोक म्हणायचे, मॅडम, तुम्हाला काय वाटतं ते करा, आणि मी करायचे. हे गप्प बसणं मला शिकायचंय, असं लिहिलं. तुमचं कारण वेगळं असेल, पण ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असू द्या.

गॅप असेल, विषय राहिला असेल, तर दोन वाक्यं. काय झालं आणि त्यानंतर काय केलं. रडगाणं नको. मार्क, पेपर, कॅम्प यांची यादीही नको, ती अर्जात इतरत्र भरलेलीच असते.

एक चाळणी सांगते. प्रत्येक वाक्याखाली तुमच्या बॅचमधल्या दुसऱ्या मुलीचं नाव घालून बघा. चालत असेल तर वाक्य काढा. माझा पहिला मसुदा यात जवळजवळ संपलाच.

पैसे घेऊन लिहून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. हे लिखाण माझंच आहे, अशी कबुली देऊन अर्ज पाठवायचा असतो, आणि मुलाखतीत तुम्ही वेगळ्याच भाषेत बोलता हे लगेच कळतं. व्याकरण मात्र कुणाकडून तरी तपासून घ्या. एक वाचणारा डेंटिस्ट हवा, एक दाताशी काही संबंध नसलेला.

शेवटी साध्या नोटपॅडमध्ये टाइप करा, ठळक-तिरपं काही करू नका, ते टिकत नाही. एकदा पाठवलं की बदलता येत नाही आणि तेच सगळ्या कॉलेजांना जातं, म्हणून मजकुरात एकाच कॉलेजचं नाव घालू नका. माझ्या मैत्रिणीनं घातलं होतं. तिनं नऊ कॉलेजांना अर्ज केला होता.