दहा-पंधरा पीसीच्या ऑफिसात मायक्रोसॉफ्ट ३६५ टाकताना

सर्व्हर नाही, डोमेन (सगळे पीसी एका जागेवरून सांभाळायची सोय) नाही, निम्म्या मशीनवर विंडोज होम, अशा ऑफिसासाठी हे लिहितोय. बहुतेक जण काय करतात, प्रत्येक पीसीवर जाऊन लॉगिन करतात आणि इन्स्टॉलचं बटण दाबतात, मग पंधरा मशीन प्रत्येकी काही जीबी ओढायला बसतात आणि तिकडे टॅलीवाला ओरडतो की नेट गेलं. एकदाच उतरवायचं आणि लॅनवरून, म्हणजे ऑफिसातल्याच नेटवर्कवरून वाटायचं, बास.

पण आधी लायसन मोजा. ३६५ च्या बिझनेस स्टँडर्ड प्लॅनचं एक लायसन पाच पीसीवर चालतं हे खरं, पण ते एकाच माणसाचे पाच पीसी. एका आयडीवर पाच क्लार्क बसवायचे नाहीत, मालक हेच विचारणार, तेव्हा आधीच सांगून ठेवा. दोन शिफ्टमध्ये वेगवेगळी माणसं बसतात त्या काउंटरच्या पीसीला शेअर्ड अ‍ॅक्टिव्हेशन लागतं, ते बिझनेस प्रीमियम प्लॅनमध्ये आहे, स्टँडर्डमध्ये नाही. आणि लॅपटॉपसोबत आलेलं होम अँड स्टुडंट धंद्यासाठी वापरायचं लायसनच नसतं.

आता काम. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस डिप्लॉयमेंट टूल फुकट मिळतं, ते उघडलं की त्यातून सेटअपची फाइल निघते. सोबत एक्सएमएल, म्हणजे काय काय टाकायचं ते सांगणारी फाइल लागते, ती हाताने लिहू नका, मायक्रोसॉफ्टच्याच ऑफिस कस्टमायझेशन टूलमध्ये टिक मारून एक्सपोर्ट करा. अ‍ॅक्सेस, पब्लिशर नको असेल तर तिथेच काढा. ३२ की ६४ बिट हे मात्र अकाउंटंटला विचारून ठरवा, कारण जुन्या मॅक्रोवाल्या एक्सेल शीट ६४ वर अडू शकतात, माझ्या एका क्लायंटकडे पगाराची शीट अशीच बसली आणि नेमकी ३० तारीख होती.

एका पीसीवर फोल्डर करा, त्यात सेटअप आणि एक्सएमएल ठेवा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये सेटअपला स्लॅश डाउनलोड (/download) आणि पुढे एक्सएमएलचं नाव देऊन चालवा. स्क्रीनवर काहीच दिसत नाही, हँग झालंय समजून बंद करू नका, फोल्डरची साइज वाढतेय ना ते बघा. उतरलं की फोल्डर शेअर करा, त्यासाठी पासवर्डवाला वेगळा युजर काढा आणि त्याला फक्त वाचायची परमिशन द्या. एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन मोकळं व्हायची सवय सोडा.

आता बाकीच्या पीसीवर त्या शेअरमधून टाकताना सगळे अडकतात. शेअर झेड ड्राइव्ह म्हणून मॅप केलेला असतो, माय कॉम्प्युटरमध्ये मस्त दिसतो, पण कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडला की झेड गायब. मी पहिल्यांदा अर्धा तास केबल हलवत बसलो होतो. केबलचा काही दोष नसतो, अ‍ॅडमिनवाल्या खिडकीला तुमचे मॅप केलेले ड्राइव्ह दिसतच नाहीत. त्याच काळ्या खिडकीत नेट यूज (net use) कमांडने शेअरचा पूर्ण पाथ आणि युजर-पासवर्ड द्या, मग पुशडी (pushd) आणि तोच पाथ, तो स्वतःच एक ड्राइव्ह लेटर लावून आत नेतो. साधं सीडी (cd) केलं तर नेटवर्कच्या पाथवर जात नाही. मग सेटअप, स्लॅश कॉन्फिगर (/configure) आणि एक्सएमएल, की इन्स्टॉल सुरू.

जुनं ऑफिस आधी काढा. २०१३, २०१६ च्या एमएसआयवाल्या (जुन्या पद्धतीच्या इन्स्टॉलरने टाकलेल्या) कॉपी असतील तर एक्सएमएलमध्ये रिमूव्ह एमएसआयचा पर्याय आहे. नव्या लॅपटॉपवरचं ट्रायल ऑफिस वेगळ्या प्रकारचं असतं, ते त्याने जात नाही, त्यासाठी रिमूव्ह ऑल आहे, पण जपून, त्यात व्हिजिओ आणि प्रोजेक्टसुद्धा उडतात.

पहिल्या मशीनसाठी एक्सएमएलमधला डिस्प्ले फुल (Full) ठेवा म्हणजे एरर दिसेल, नीट झालं की बाकीच्यांना नन (None) करा, म्हणजे स्क्रीनवर काही न दाखवता होईल. सगळ्यांवर एकदम लावू नका, दोन-तीन करत चला. शेवटी प्रत्येकाला स्वतःच्या आयडीने वर्ड उघडून साइन इन करायला लावा, अकाउंटमध्ये कोणाचं नाव येतंय ते डोळ्यांनी बघा. गोडाउनच्या ज्या पीसीला नेटच देत नाही, तो ३० दिवसांतून एकदा तरी नेटला लावा, नाहीतर फाइल उघडते पण एडिट होत नाही आणि फोन तुम्हालाच येतो.