जुना कॉन सॅक्सोफोन विकायचाय? मग या चुका टाळा

आमचे आजोबा लग्नाच्या बँडमधे अल्टो, म्हणजे मधल्या आकाराचा सॅक्सोफोन, वाजवायचे. ते गेल्यावर सॅक्सोफोन वीसेक वर्षं माळ्यावर पडून होता आणि शेवटी तो विकायची वेळ माझ्यावर आली. अमेरिकेतल्या एल्कहार्ट गावच्या सी. जी. कॉन कंपनीचा पीस, अंगावर मस्त कोरीवकाम, चांदीचा मुलामा काळा पडलेला. मला वाटलं जुना आहे म्हणजे सोनं. पण जुन्या वाद्यांची हौस असलेली माणसं जे प्रश्न विचारतात ना, त्यातल्या निम्म्यांचा अर्थच मला कळत नव्हता, आणि विकायच्या आधी मी जे जे काही करून ठेवलं होतं त्याने किंमत वाढायच्या ऐवजी कमीच झाली.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक म्हणजे विकायच्या आधी 'जरा चकाचक करून घेऊ'. अजिबात नको! ब्रासो चोळला, बफ मारला की मुलामा जातो, कोरीवकामाच्या कडा बोथट होतात आणि जाणकार माणूस फोटो बघूनच सांगतो की घासलाय म्हणून. नव्याने लॅकर (पारदर्शक वॉर्निश) मारलेल्या पीसला तर मूळ फिनिशच्या पीसपेक्षा बराच कमी भाव मिळतो. काळी पडलेली चांदी हा दोष नाहीच, मऊ फडक्याने धूळ पुसा आणि सोडून द्या.

माझं खरं नुकसान दुसरीकडे झालं. कॉनच्या १९२० च्या दशकातल्या बऱ्याच सॅक्सोफोनना भोकांच्या म्हणजे टोन होलच्या कडा बाहेरच्या बाजूला गोल दुमडलेल्या असतात, आणि शौकीन लोक त्याच कडांसाठी हा पीस शोधत असतात. मी आमच्या भागातल्या एका रिपेअरवाल्याकडे पॅड, म्हणजे भोकं झाकणाऱ्या चामड्याच्या गाद्या, बदलायला दिला, त्याने पॅड नीट बसेना म्हणून दोन भोकांवर सरळ कानस मारली. साध्या भोकाची कड थोडी सपाट केली तर एक वेळ चालतं, पण दुमडलेली कड घासली की तो गोलवाच फाटतो, परत येत नाही. वाईट म्हणजे पैसे पण मीच दिले. मानेवरचा, म्हणजे वरच्या वाकड्या नळीवरचा मायक्रोट्यूनर, म्हणजे सूर जुळवायची फिरती चकती, ती अडकली असेल तर पकड लावून फिरवू नका, तेही असंच महागात पडतं. पॅड फाटलेले असतील तर तसं सांगून विका, घेणारा त्याच्या विश्वासातल्या माणसाकडून करून घेतो आणि त्यालाही तेच हवं असतं.

आता वर्ष. कॉनच्या त्या काळातल्या सॅक्सोफोनवर मागे अंगठ्याच्या जागेजवळ '८ डिसेंबर १९१४' अशी पेटंटची तारीख ठोकलेली असते आणि दर दुसरा विकणारा लिहितो '१९१४ चा दुर्मिळ पीस'. ती तारीख पेटंटची आहे, वाद्याची नाही! तोच शिक्का पुढे कित्येक वर्षं ठोकत होते. वय ठरतं सीरियल नंबरवरून, दीड लाखाच्या आसपासचा नंबर असेल तर साधारण १९२५. आणि 'दुर्मिळ' हा शब्द जपून वापरा, कारण १९२० च्या दशकात अमेरिकेत सॅक्सोफोनचं असं काही वेड लागलं होतं की हे पीस ढिगाने बनले. दुसऱ्याच दुकानाचं नाव कोरलेले, पण कॉनच्याच कारखान्यात बनलेले पीसही बाजारात आहेत, त्यांना बहुतेक वेळा दुमडलेल्या कडा नसतात. असा पीस नुसता 'कॉन' म्हणून विकलात तर पहिल्याच मेसेजमधे पकडले जाल.

सीरियल नंबरच्या जवळ एक अक्षर असतं ते नीट बघा. 'एल' म्हणजे लो पिच, आजच्या ४४० हर्ट्झच्या सुराला जुळणारा. 'एच' म्हणजे हाय पिच, साधारण ४५२ ते ४५७ च्या घरातला, आणि तो आजच्या बाजाच्या पेटीबरोबर लावलात तर सूर दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लटकतो. माऊथपीस बाहेर ओढून हे सुटत नाही कारण भोकांची अंतरंच वेगळी आहेत, एक सूर जुळला की दुसरा फिसकटतो. ब्रिटिश फौजेचे बँड बराच काळ हाय पिचवर वाजायचे, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या क्लॅरिनेटमधेही हे भूत निघतं. असा पीस भिंतीवर लावायला ठीक, पण हे न सांगता विकणं म्हणजे फसवणूकच, दुसरा शब्द नाही.

अजून एक गोंधळ, सी मेलडी नावाचा सॅक्सोफोनचा प्रकार. दिसायला अल्टोपेक्षा मोठा, टेनरपेक्षा (अल्टोहून मोठा, खालच्या सुराचा सॅक्सोफोन) लहान, आणि लोक तो बिनधास्त 'टेनर' म्हणून टाकतात. तपासायला सोपं आहे, सॅक्सोफोनचा सा धरा, म्हणजे 'सी' चं बोट, आणि शेजारी पेटीवर बघा. काळी दोन आली तर अल्टो, काळी पाच आली तर टेनर, आणि पांढरी एक आली तर तुमच्याकडे सी मेलडी आहे आणि भाव अर्थातच खाली येणार.

फोटोंचं थोडक्यात सांगतो. मान बाजूने दाखवा, कारण ती खाली वाकली असेल तर पोटाशी सुरकुत्या दिसतात. पोचे, डाख दिलेल्या जागा, कर्ण्यासारखं तोंड आणि अंग जोडणारी पट्टी, एखादी कळ उघडून टोन होलची कड, आणि कोरीवकाम तिरप्या उजेडात. अंधाऱ्या खोलीत आत एलईडीची बारीक पट्टी सोडून कुठून उजेड गळतो त्याचाही फोटो टाका, लीक लपवण्यापेक्षा दाखवलेलं बरं, मला तर त्यानंतर घासाघीस कमी झाल्यासारखी वाटली.

वाद्य ठेवायच्या पेटीतला जुना माऊथपीस 'हा कशाला' म्हणून फेकू नका, कधी कधी तो वेगळाच चांगल्या भावाला जातो. आणि काळ्या एबोनाइटचा (कडक रबराचा) असेल तर गरम पाण्यात बुडवू नका, हिरवट पडतो आणि गंधकासारखा वास मारतो (मी केलंय).

परदेशात गिऱ्हाईक मिळालं तर हुरळून जाऊ नका. आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर बंधनं आहेत, म्हणून १९२५ च्या आसपासचा पीस असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारून घ्या. वयाचा आकडा फुगवून सांगणाऱ्यांना हा कायदा जास्त छळतो, हीपण एक गंमतच.

शेवटचं पॅकिंग. जुन्या पेटीत वाद्य सैल बसतं, तेव्हा आतच कापडाच्या घड्या घालून हलणार नाही असं करा, कळा फटीत बूच सरकवून बंद करा, मान वेगळी गुंडाळा. वरच्या टोकाला बसवायचं बूच असतं ते हमखास हरवलेलं असतं, पण ऑक्टेव्हची, म्हणजे सूर एक सप्तक वर नेणारी कळ तेच वाचवतं, नसेल तर लाकडाचं करून घ्या. माऊथपीस किंवा गळ्यातला पट्टा सॅक्सोफोनच्या तोंडात टाकून पाठवू नका. मग पेटी अजून एका मोठ्या खोक्यात, सगळीकडून चार बोटं भरण. माझा पीस शेवटी गोव्यातल्या एका वाजवणाऱ्याने घेतला, त्या घासलेल्या दोन भोकांचे पैसे कापून, आणि दोन दिवसांनी त्याने वाजवतानाची क्लिप पाठवली तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, म्हणाली, हे बाबांचं वाटतंय.