मामाच्या वहीतले तीन रकाने

मामा जाऊन वर्ष झालं. त्याच्या टेबलाच्या खणात पंचकार्डांचा, म्हणजे भोकं पाडून प्रोग्रॅम नोंदवायच्या कार्डांचा, गठ्ठा अजून तसाच आहे, वरच्या कडेवर पेनाने मारलेली तिरकी रेघ. गठ्ठा हातून पडला, तर ती रेघ जुळवत कार्डं पुन्हा क्रमाने लावायची. एका कार्डावर 80 रकाने, फोरट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेची एक ओळ म्हणजे एक कार्ड, सूचना लिहायची ती 7 ते 72 या रकान्यांतच. गठ्ठा जमा केला की निकाल दुसऱ्या दिवशी. एक स्वल्पविराम चुकला की दिवस गेला. त्यामुळे मामा आधी सगळा प्रोग्रॅम कागदावर चालवून बघायचा. पुढे घरी 48 केबी मेमरीचा स्पेक्ट्रम हा छोटा घरगुती कॉम्प्युटर आला, नंतर लिनक्स आलं, उत्तर क्षणात मिळायला लागलं. तरी वही सुटली नाही.

नुकतं प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं असेल, तर माझ्या मामाकडून एवढं तरी घ्या.

मी बायनरी सर्च, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दरवेळी मधला आकडा बघून निम्मी यादी सोडत शोधायचा प्रोग्रॅम, लिहीत होतो आणि प्रोग्रॅम थांबतच नव्हता. मी इथे अधिक एक, तिथे उणे एक करत बसलेलो. मामाने स्क्रीन बंद केला. "आता तूच कॉम्प्युटर. सांग, लो किती?" वहीत तीन रकाने आखले: लो, हाय, मिड, म्हणजे शोधायच्या भागाची सुरुवात, शेवट आणि मधली जागा. पाचव्या ओळीत लो 4, हाय 5 आलं. बेरीज 9, निम्मे केले, अपूर्णांक सोडला, मिड 4. मी लिहिलं होतं लो = मिड. पुढची ओळ पुन्हा 4, 5, 4. त्याच्या पुढचीही तीच. लो = मिड + 1 हवं, हे मला कोणी सांगावंच लागलं नाही.

पहिले काही आठवडे याचा फार कंटाळा येतो, खरंच येतो. तीन-चार आकड्यांचंच उदाहरण घ्या, आणि रन करण्याआधी उत्तर काय येईल ते लिहून ठेवा. अंदाज चुकला तर नेमकं कुठे अडलंय ते कळतं. एररचा मजकूरही पूर्ण वाचा; बऱ्याचदा पहिली चूक दुरुस्त केली की खालच्या आपोआप जातात.

वहीच्या शेवटच्या पानावर त्याचा एक पायथन प्रोग्रॅम आहे. अंदाज लिहिलेला, निकालाची जागा कोरी. मी तीन रकाने आखून बसलो, दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा माझं उत्तर त्याच्या अंदाजाशी जुळलं, तेव्हा कुठे मशीन सुरू केलं.